फरक शून्य मिनिटे

१

रंगाच्या कारखान्यातल्या टाकीतून सयाजीला वर काढलं, तेव्हा घासायचा ब्रश त्याच्या मुठीत तसाच होता. टाकी धुवायला तो आत उतरला होता. वीज गेली, आत हवा सोडणारा पंखा थांबला, आणि वरच्यांना कंदील सापडेपर्यंत खाली वास कोंडून तो संपला. वय चोवीस. बायको पहिल्या बाळंतपणासाठी तीनच दिवसांपूर्वी माहेरी गेलेली.

त्या शनिवारी संध्याकाळी चिंचवडपासून दापोडीपर्यंत अंधार झाला होता. घाटावरची वीज करणारी यंत्रं आठवडाभर दमत आलेली होती आणि शेवटी त्यांनी एकदम मान टाकली. पण चौकशीला माणूस लागतो, यंत्राला काही कोणी जबाब विचारत नाही. तेव्हा चिंचवडच्या वीजघरात ज्याची पाळी होती, तो मीरासाहेब मुजावर हा माणूस चौकशीला मिळाला. चोवीस वर्षं नोकरी झालेली, येत्या मार्चमध्ये निवृत्ती.

अकरा दिवसांनी सरकारी वीज निरीक्षक सबनीस सायकलवरून वीजघराच्या फाटकात उतरले. सन सत्तावन्नचा डिसेंबर, पवनेवरून धुकं आलेलं आणि त्या धुक्यालाही कारखान्याच्या रंगाचा वास. सबनिसांचं पोट कायम बिघडलेलं असे. त्यामुळे खिशात ओव्याची पुडी आणि चेहऱ्यावर जगाबद्दल थोडी नाराजी, ही त्यांची नेहमीची सामग्री होती. कागद शुक्रवारी मुंबईला जायचे होते, आणि आज बुधवार होता.

वीजघराचे सहायक अभियंता जठार यांनी त्यांच्यापुढे एक वही ठेवली. "वाचा. म्हणजे तुमचे दोन दिवस वाचतील."

वहीत मीरासाहेबाचं टपोरं अक्षर होतं. त्या शेवटच्या आठवड्यातल्या प्रत्येक दिवसापुढे, एक बुधवार सोडला तर, एकच शेरा होता: फरक शून्य मिनिटे.

"या शून्यांनी सयाजीचा जीव घेतला," जठार म्हणाले.

२

शून्य कशातलं, ते जठारांनी भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं. तिथे शेजारी शेजारी दोन घड्याळं होती. एक जुनं, लंबकाचं, आठ दिवसांच्या चावीचं. दुसरं नवं, विजेवर चालणारं, जठारांनी आल्याआल्या मुंबईहून आणवलेलं.

विजेचं घड्याळ विजेच्या ठोक्यावर चालतं. घाटावरची यंत्रं ओझ्याखाली वाकली की ठोका मंदावतो आणि घड्याळ मागे पडतं. चावीच्या घड्याळाला विजेशी देणंघेणं नाही. दर रविवारी सकाळी स्टेशनमास्तरांना फोन करून मीरासाहेब दोन्ही घड्याळं रेल्वेच्या वेळेवर लावी आणि मग आठवडाभर दुपारी दोनला पाळीवर आला की दोन्हींतला फरक वहीत लिही. फरक पाच मिनिटांच्या पुढे गेला की तो कारखान्याला फोन करी: आज संध्याकाळी दोन मोठ्या मोटारी बंद ठेवा, आणि टाकीत माणूस उतरवू नका. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, त्याचं त्यानेच शोधलेलं होतं. दोन वर्षांत चारदा त्याने असा फोन केला आणि चारही वेळा संध्याकाळी वीज डळमळली. कारखान्यातले लोक त्याला हसत, पण ऐकत.

"मीटर आहे की तुमच्याकडे ठोका मोजायला," सबनीस म्हणाले.

"आहे. पण तो त्या क्षणापुरतं सांगतो. संध्याकाळी काटा रोजच थोडा खाली जातो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. म्हातारा म्हणायचा, मीटर नाडी सांगतो, घड्याळ दिवसभराची धाप सांगतं." जठार हसले. "आता घाटावरचे तक्ते पाहा. वीज आठवडाभर मंद होती. म्हणजे फरक रोज वाढत जायला हवा, आणि हा लिहितो शून्य. न बघता घरबसल्या लिहिलंय. एका भिंतीवर दोन वेळा, मला तर तो प्रकार पहिल्यापासून हास्यास्पद वाटत होता. सोमवारी मुंबईचे पाहुणे आले होते, त्यांच्यासाठी मी हे वीजघर आरशासारखं लख्ख करून घेतलं होतं. आणि शनिवारी ही शोभा."

सबनिसांनी वर पाहिलं. दोन्ही घड्याळं बंद होती. चावीचं घड्याळ चावी न दिल्याने केव्हाच थांबलं होतं. विजेचं मात्र सहा चाळीसवर थांबलेलं होतं.

"ते वीज गेली तेव्हाचं," जठार म्हणाले. "वीज परत आली तरी ते आपणहून चालू होत नाही, मागचा खुंटा फिरवावा लागतो. तेव्हापासून कोणीही काही हलवू नये अशी मी ताकीद दिलीय. सहा चाळीसला वीज गेली, बस्स."

सबनिसांनी ते टिपून घेतलं आणि ओव्याची चिमूट तोंडात टाकली. या खोलीत येणारे-जाणारे किती, असं त्यांनी विचारलं. तिघे: दुपारच्या पाळीचा मीरासाहेब, सकाळच्या पाळीचा ज्योतीराम आणि झाडलोट करणारा चौकीदार दत्तोबा. रात्रपाळीचा माणूस महिनाभर आजारी होता, त्याची पाळी हे दोघेच वाटून घेत.

"दत्तोबाला बोलवा."

जठारांचा आवाज खाली आला. "त्याला नका बोलावू. गेला तो सयाजी त्याचाच मुलगा होता."

३

ज्योतीराम परभणीकडचा. भोसरीत खोली घेऊन राहणारा, तिशीतला, कपाळाला बुक्का. मीरासाहेब गेला की त्याला बढती मिळणार, हे वीजघरातल्या मांजरालाही माहीत होतं, आणि म्हणूनच तो प्रत्येक उत्तर फार जपून देत होता.

"मी कधी हात लावला नाही साहेब, ना वहीला ना घड्याळाला. ते चाचांचं काम. मी बाराला व्हरांड्यात डबा खातो, घड्याळात दोन वाजले की निघतो, चाचा तोवर आलेले असतात."

"तेव्हा आत कोणी असतं?"

"कोणी नाही. दत्तोबा काचाबिचा पुसत असतो, तेवढंच."

"त्या आठवड्यात काही वेगळं घडलं?"

"काही नाही बघा." मग तो जरा सैल झाला. "उलट आठवडा बरा गेला म्हणायचा. एरवी दोनला सुटून मी सायकल मारत रेल्वेच्या फाटकावर जातो, तर दोन-दहाच्या गाडीसाठी फाटक बंद. पंधरा मिनिटं तिथंच जातात. त्या आठवड्यात गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही दिवस फाटक सताड उघडं. गाडी आधीच गेलेली."

सबनिसांचा हात ओव्याच्या पुडीवरच थांबला. "तीन दिवस गाडी वेळेआधी गेली?"

"हो ना. मलाही नवल वाटलं."

या देशात गाडी एक दिवस वेळेवर आली तर लोक स्टेशनमास्तरांना पेढे देतील. लागोपाठ तीन दिवस ती वेळेआधी येते, यावर विश्वास ठेवायला सबनीस तयार नव्हते. ते तसेच उठले आणि सायकलवर टांग मारून स्टेशनवर गेले.

स्टेशनमास्तरांनी रोजनामा काढून दिला. फलाटाचे दिवेही याच वीजघरावर चालत. त्या शनिवारच्या पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं: दिवे गेले, सहा वाजून चोपन्न मिनिटे.

गाडी आधी आलेली नव्हती. वीजघराची वेळच चौदा मिनिटं मागे होती.

४

सबनीस परत आले, जठारांकडून स्टूल मागवलं आणि बावन्नाव्या वर्षी धोतर सावरत त्यावर चढले.

एक हिशेब सरळ होता. विजेचं घड्याळ चौदा मिनिटं मागे पडलं, हे घाटावरच्या तक्त्यांशी जुळत होतं. ते तसं पडणारच होतं. पण ज्योतीराम दोनला सुटला तो कोणत्या घड्याळाच्या दोनला? खोलीत दोन घड्याळं होती, त्यांतलं एक जरी खरं असतं तर त्याला उशीर झालेला कळला असता. म्हणजे चावीचं घड्याळही तितकंच मागे होतं. मीरासाहेबाने जे पाहिलं तेच लिहिलं होतं. फरक खरोखर शून्य होता.

आणि चावीचं घड्याळ, ज्याला विजेशी देणंघेणं नाही, ते विजेच्या घड्याळाच्या बरोबरीने आपणहून मागे पडत नसतं. रोज कोणीतरी ते हाताने मागे आणत होतं.

त्यांनी काचेचं दार उघडलं. चावी द्यायला काट्याला हात लावावा लागत नाही, चावीचं भोक तबकडीत असतं. तरी मिनिटकाट्याच्या टोकाशी बोटाचा डाग होता. खिशातल्या भिंगातून पाहिल्यावर तो पिवळा दिसला. सबनिसांनी बोटाने तो हलकेच टिपला आणि नाकाशी नेला. हळद होती.

ज्योतीरामच्या कपाळाला बुक्का. मीरासाहेबाच्या कपाळाला काही नाही. जठार साहेब हॅट घालत. रोज सकाळी खंडोबाचा भंडारा लावून कामावर येणारा माणूस या वीजघरात एकच होता.

उरलेला डाग सबनिसांनी कागदावर टिपून रुमालात गुंडाळला. कोडं सुटलं की त्यांना एरवी भूक लागे. आज तसं काही झालं नाही. त्यांनी वही पुन्हा उघडली आणि त्या एकाच वेगळ्या दिवसावर बोट ठेवलं. बुधवार: फरक अडीच मिनिटे.

"बुधवारी दत्तोबा कामावर होता का हो?" त्यांनी खाली उभ्या असलेल्या ज्योतीरामला विचारलं.

"नाही साहेब. सुनेला बाळंतपणाला पोचवायला महाळुंग्याला गेला होता. एकच दिवस रजा."

५

मीरासाहेबाचं घर काळेवाडीला, दोन खोल्यांचं. दार त्याच्या बायकोने, खैरुन्निसाने उघडलं.

"जेवत नाहीत, साहेब," ती दबक्या आवाजात म्हणाली. "अकरा दिवस झाले. विचारलं तर म्हणतात, चूक माझीच. मी म्हटलं, चोवीस वर्षांत कधी केली नाही ती आत्ताच कशी केली? तर उठून बाहेर जातात."

मीरासाहेब खाटेवर बसला होता. उंच, वाळका माणूस. सबनिसांनी प्रश्न विचारायच्या आधीच त्याने उत्तर दिलं.

"मी आळस केला. न बघता लिहून टाकलं. कागदावर लिहा, मी सही करतो."

"न बघता लिहिणारा माणूस बुधवारी अडीच मिनिटं कशाला लिहील?"

मीरासाहेब खाटेची सुटलेली दोरी ओढून बसवू लागला.

"तुम्ही बघून लिहिलंत. बुधवारी फरक दिसला, गुरुवारी पुन्हा शून्य झाला. तुम्हाला काय वाटलं तेव्हा?"

"घाटावर नवं यंत्र बसवलंय असं कानावर आलं होतं," तो अखेर म्हणाला. "वाटलं, वीज सुधारली. बरं वाटलं होतं, साहेब. माझ्या नोकरीच्या शेवटाला वीज सुधारली म्हणून मी दत्तोबाला चहा पाजला."

सबनिसांनी रुमाल उलगडला. त्यात पिवळ्या डागाचा कागद होता. मीरासाहेबाने तो पाहिला आणि तोंड फिरवलं. त्याला नवीन काहीच कळलेलं नव्हतं. त्या रात्री अंधारात कंदील घेऊन तो घड्याळाजवळ गेला होता, तेव्हाच त्याने तो डाग पाहिला होता.

"पुसला का नाहीत?"

"पुसायला गेलो. तेवढ्यात माणसं दत्तोबाला न्यायला आली. त्याला घेऊन कारखान्यात जावं लागलं." मीरासाहेबाने दाराबाहेर बोट केलं. "साहेब, तो पोरगा माझ्या अंगणात वाढला. त्याला सायकल मी शिकवली. दत्तोबाला वाचता येत नाही, घड्याळही कळत नाही, काट्यावर काटा मात्र ठेवता येतो. त्याला कोणीतरी सांगितल्याशिवाय तो काट्याला हात लावणार नाही. पण ते विचारायला गेलात तर त्याला काय कळेल? आपल्याच हाताने आपला मुलगा गेला, हे कळेल. माझं काय जातंय? नोकरी जाईल, फार तर सहा महिने आत बसेन. त्याचं मागं काय उरेल?"

"तुमच्यावर खटला होईल मीरासाहेब. पेन्शन जाईल. तुमच्या बायकोने काय खायचं?"

दाराशी उभी असलेली खैरुन्निसा म्हणाली, "आम्ही खाऊ काहीतरी. दत्तोबांना नका विचारू." आणि पदराने डोळे टिपले. तिला आत्ताच, या क्षणी, सगळं कळलं होतं.

सबनीस बाहेर आले. त्यांच्याकडे बोटाचा डाग होता, रेल्वेचा रोजनामा होता, तर्क होता. पण दत्तोबाला कोणी सांगितलं, हे फक्त दत्तोबा सांगू शकत होता. त्याचा जबाब नसेल तर जठार एका वाक्यात सगळं उडवून लावतील: म्हाताऱ्यानेच काटे फिरवले असतील. एका म्हाताऱ्याला वाचवायचं तर दुसऱ्याला मारावं लागणार होतं. शुक्रवारला एक दिवस उरला होता.

६

गुरुवारी सकाळी सबनीस दत्तोबाच्या घरी गेले. मीरासाहेबाच्या घरापासून चार घरं टाकून त्याचं घर होतं. दत्तोबा ओट्यावर बसला होता. सुतक फिटलेलं, डोकं भादरलेलं, कपाळ कोरं.

सबनीस त्याच्या शेजारी बसले. त्यांनी ओव्याची पुडी काढली, परत ठेवली.

"घड्याळाचं इचारायला आला असाल," दत्तोबा म्हणाला.

सबनिसांनी मान हलवली.

"रोज वाट बघतुया, कोन येतंय का. पोलीस आले, जठार साहेब आले, कारखान्याचे आले. समद्यांनी हात जोडलं आन गेलं. मला कुनी काय इचारलंच न्हाई."

"काय झालं होतं, दत्तोबा?"

"आईतवारी सांजच्याला जठार साहेब आलं. म्हनले, उद्या पाव्हनं येनार, भितीवर दोन येळा दिसत्यात, हसतील. रोज दुपारी जुन्याचा काटा नव्याच्या काट्यावर आनून ठिव, न्हाईतर जुनं भंगारात देतो. त्या घड्याळात मीरासाहेबाचा जीव हाय, साहेब. चोवीस वर्सं त्यानं त्याला चावी दिली. मी म्हनलं, जाऊ दे, काटाच तर फिरवायचाय. त्याला नगं सांगाया, त्याच्या मनाला लागंल. पाव्हनं गेलं तरी थांबवू कसा? साहेबानं थांबव म्हनलंच न्हाई."

"मग कळलं कधी?"

"सातव्या दिवशी. वीजघरात ज्योतीराम कुनाला सांगत व्हता, घड्याळात फरक दिसला असता तर चाचानं फोन केला असता. मी तसाच मीरासाहेबाकडं गेलो. इचारलं, घड्याळाचा आन सयाजीचा काय समंध हाय का? तो म्हनला, काय बी न्हाई, दत्तोबा, माझी चूक हाय. खोटं बोलत व्हता. तीस वर्सं वळखतो मी त्याला. मी म्हनलं, बरं. त्याला वाटावं की मला कळलं न्हाई. त्यो मला जपत व्हता, मी त्याला."

दोघे एकमेकांना जपत इतके दिवस चार घरांच्या अंतरावर उपाशी बसले होते.

त्यांनी जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. जठारांचं नाव आलं तिथे दत्तोबाने मान हलवली. शाईची डबी पुढे केल्यावर त्याने अंगठा बुडवला, पण कागदावर ठेवला नाही.

"आधी एक सांगा. तुमी शिकलेली मानसं. मी काट्याला हात लावला नसता, तर मीरासाहेबाचा फोन कवा गेला असता?"

रोजची साधारण अडीच मिनिटं. पाचाच्या पुढे जायला किती दिवस लागले असते, ते सबनिसांनी काल रात्रीच मोजून ठेवलं होतं.

"बुधवारी. आणि मग शनिवारपर्यंत रोज," ते म्हणाले.

"बुधवारी मी म्हाळुंग्याला व्हतो. पोर मागं एकलं घरी व्हतं." दत्तोबाचा अंगठा हवेतच होता. "म्हंजी शनवारी सयाजी टाकीत उतरला नसता?"

कोपऱ्यावर मीरासाहेब येऊन उभा राहिला होता. खैरुन्निसाने त्याला पाठवलं असावं. तो सबनिसांकडे बघून जोरजोराने मान हलवत होता: नाही म्हणा, साहेब, नाही म्हणा.

सबनिसांनी आयुष्यात पुष्कळांना दिलासा दिला होता आणि त्यातला बराचसा खोटा होता. या माणसाला इतके दिवस सगळेजण जपत आले होते, आणि त्या जपण्याखाली तो एकटाच खरं काय ते उचलून बसला होता.

"नसता उतरला," ते म्हणाले. "कारखान्यात फोन गेला असता. तो आज जिवंत असता."

दत्तोबाने अंगठा कागदावर टेकवला. मग तो रडू लागला. मुलाला सरणावर ठेवतानाही तो रडला नव्हता, असं लोक सांगत. मीरासाहेब चार पावलांत आला आणि ओट्यावर त्याच्या पलीकडे बसला. त्याने सबनिसांकडे एकदाही पाहिलं नाही.

शुक्रवारी कागद मुंबईला गेले. मीरासाहेबावरचा ठपका निघाला. जठारांनी असा हुकूम दिल्याचं आठवत नाही असं लिहून दिलं आणि त्यांची बदली झाली, बढतीवर.

मार्चमध्ये मीरासाहेब निवृत्त झाला. जुनं घड्याळ भंगारात निघालं तेव्हा ते त्याने मागून घेतलं. काळेवाडीला दत्तोबाच्या भिंतीवर ते लावलं आहे. दर रविवारी मीरासाहेब येऊन त्याला चावी देतो. काटे लावायची वेळ आली की ते कुठे हवेत ते बोटाने दाखवून तो बाजूला होतो, आणि ते काम दत्तोबा करतो.